आधी कोणाला? महासाथीतील लसीच्या क्रमवारीवरील वादाची पार्श्वभूमी

महासाथीच्या काळात लस तयार झाली तरी ती सर्वांना एकाच वेळी मिळू शकत नाही, आणि याचे कारण लसीच्या निर्मितीतच आहे. फ्लूची लस अनेक दशके कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून बनवली जात आली आणि नवा विषाणू ओळखल्यापासून लसीची पहिली खेप बाहेर पडेपर्यंत पाच-सहा महिने सहज जात. नव्या पद्धतींनी हा काळ घटला असला, तरी सुरुवातीच्या आठवड्यांत मागणीच्या मानाने साठा अगदीच थोडा असतो. त्या काळात लस आधी कोणाला द्यायची हे कोणीतरी ठरवावेच लागते. ते उघडपणे ठरवले नाही, तर पैसा, ओळख आणि वशिला यांवर ते ठरते. गेल्या सत्तर वर्षांतील वाद पाहिले असता असे दिसते की, रांगेत थांबावे लागले म्हणून लोक फारसे संतापलेले नाहीत. नियम ठाऊक नव्हता, किंवा तो कोणासाठी तरी गुपचूप वाकवला गेला, तेव्हा मात्र ते हमखास संतापले.

या चिंतेचे आधुनिक रूप प्रथम 1955 मध्ये अमेरिकेत स्पष्ट दिसले. जोनास साल्क यांची पोलिओची लस सुरक्षित व परिणामकारक असल्याचे 12 एप्रिल 1955 रोजी मिशिगन विद्यापीठात जाहीर झाले आणि त्याच दिवशी तिच्या उत्पादनाला परवाने मिळाले. आदल्या वर्षी झालेल्या चाचणीत सुमारे 18 लाख मुलांचा सहभाग होता. त्यामुळे घरोघरी या लसीची वाट पाहिली जात होती. तरीही वाटपाची सरकारी योजना तयार नव्हती. पहिली व दुसरी इयत्तेतील मुलांसाठी लागणारा साठा एका धर्मादाय प्रतिष्ठानाने आधीच विकत घेऊन ठेवला होता, पण उरलेली लस बाजारातून डॉक्टरांकडे आणि तेथून त्यांच्या रुग्णांकडे जाणार होती. साहजिकच काळ्या बाजाराची धास्ती पसरली, आणि ज्यांचा ठरलेला डॉक्टर नव्हता अशा पालकांनी काय करायचे, हा प्रश्न संसदेपर्यंत गेला. एवढ्या मागणीचा अंदाज कोणालाच आला नसता, असा खुलासा आरोग्य खात्याच्या मंत्री ओव्हेटा कल्प हॉबी यांनी केला. तो पुढे त्यांच्यावरच उलटला आणि जुलैमध्ये त्या पदावरून पायउतार झाल्या. शेजारच्या कॅनडात मात्र केंद्र आणि प्रांतिक सरकारांनी खरेदी व वाटप आपल्या हाती ठेवल्याने तेथे असा गोंधळ झाला नाही.

त्याच एप्रिलमध्ये कटर कंपनीच्या काही लसींत जिवंत विषाणू राहून गेल्याचे उघड झाले. त्यातून सुमारे 200 जणांना पक्षाघात झाला आणि 10 जण दगावले. आधी नंबर लागावा म्हणून धडपडणाऱ्या पालकांपैकी अनेक जण आता आपल्या मुलाला सर्वांत आधी लस नको, असे म्हणू लागले. लसीच्या क्रमवारीविषयीच्या काळजीला या दोन बाजू कायमच राहिल्या आहेत, कारण मागे राहण्याच्या भीतीसोबत आपल्यावरच प्रयोग होईल ही भीतीही असते. दुसऱ्या भीतीला अज्ञान म्हणून झटकून टाकणे सोयीचे असले, तरी ते न्यायाचे नाही. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने 1932 ते 1972 या काळात टस्कीगी येथे शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिसवरील उपचारांवाचून केवळ निरीक्षणाखाली ठेवले होते. हा इतिहास ठाऊक असलेल्या समाजाला 2020 मध्ये ‘तुम्हाला प्राधान्य देत आहोत’ असे सांगितल्यावर त्याने ‘का बरे?’ असे विचारणे अगदी स्वाभाविक होते.

1957 च्या आशियाई फ्लूच्या वेळी अमेरिकी विषाणुशास्त्रज्ञ मॉरिस हिलमन यांच्या तत्परतेमुळे लसीची तयारी वेळेत सुरू झाली. राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात साठा द्यावा आणि आरोग्य कर्मचारी व अत्यावश्यक सेवांतील माणसांना आधी लस टोचावी, असे ठरले खरे. पण हे सगळे ऐच्छिक होते. राज्यात पोहोचल्यानंतर लस नेहमीच्या व्यापारी मार्गानेच विकली जात असल्याने ज्याची ऑर्डर मोठी त्याला ती आधी मिळू लागली. त्यातच साथीचा जोर ऑक्टोबरमध्ये शिगेला पोहोचला आणि लसीचा बराचसा भाग त्यानंतर हाती आला. 1976 च्या स्वाइन फ्लू मोहिमेत क्रमवारीचा प्रश्न फारसा उद्भवलाच नाही, कारण अपेक्षित साथच आली नाही.

ऑक्टोबर 2004 मध्ये कोणतीही महासाथ नसताना या प्रश्नाची जणू रंगीत तालीम झाली. चिरॉन कंपनीच्या लिव्हरपूल येथील कारखान्याचा परवाना ब्रिटिश नियामकाने स्थगित केला आणि अमेरिकेच्या हंगामी फ्लूच्या लसीचा जवळजवळ निम्मा साठा एका दिवसात नाहीसा झाला. वृद्ध, लहान बालके आणि दीर्घकालीन आजार असलेल्यांनाच लस द्यावी, असे आवाहन झाल्यावर दवाखान्यांबाहेर वृद्धांच्या लांबच लांब रांगा लागल्या. पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. आपल्याला मिळणार नाही किंवा आपल्यापेक्षा गरजू कोणी असेल, असे समजून पात्र असलेले अनेक लोकही फिरकले नाहीत, आणि हंगामाच्या शेवटी काही ठिकाणी लस चक्क उरली. निर्बंध कधी लावायचे याबरोबरच ते कधी उठवायचे, हेही आधी ठरवून ठेवावे लागते, हा धडा त्यातून मिळाला.

2009 मधील एच-1-एन-1 फ्लूपर्यंत बहुतेक श्रीमंत देशांकडे लिखित आराखडे होते. त्या विषाणूविरुद्ध वृद्धांमध्ये काही प्रमाणात प्रतिकारशक्ती आढळली, त्यामुळे अमेरिकेच्या सल्लागार समितीने नेहमीचा क्रम बदलून गरोदर स्त्रिया, तान्ह्या बाळांच्या घरातील माणसे, आरोग्य कर्मचारी, सहा महिने ते 24 वर्षे वयाची मुले व तरुण आणि सहव्याधी असलेले प्रौढ यांना पुढे आणले. आजार बदलला की क्रमही बदलतो, हे शास्त्रीयदृष्ट्या योग्यच होते. पण दरवर्षी सर्वांत आधी बोलावल्या जाणाऱ्या वृद्धांना ते पटवून देणे अवघड गेले. उत्पादन अंदाजापेक्षा खूपच कमी निघाल्याने गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांचे पालक तासन्‌तास ताटकळत असतानाच न्यूयॉर्कमधील गोल्डमन सॅक्सला 200 आणि सिटीग्रुपला 1,200 डोस मिळाल्याची बातमी आली. ते डोस कंपन्यांच्या दवाखान्यांतून जोखमीच्या गटातील कर्मचाऱ्यांसाठी रीतसर मंजूर झालेले होते; पण आर्थिक संकटातून सावरू पाहणाऱ्या त्या काळात बड्या वित्तसंस्थांविषयीची चीड एवढी होती की हा खुलासा ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणीच नव्हते. कॅनडात कॅल्गरीच्या व्यावसायिक आइस हॉकी संघातील खेळाडूंना व त्यांच्या कुटुंबीयांना रांगेबाहेर लस दिली गेली, तेव्हा दोन आरोग्य कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. जर्मनीतला वाद वेगळाच होता. तेथे सरकारी अधिकारी आणि सैनिकांसाठी सहायक द्रव्याविना (म्हणजे लसीचा परिणाम वाढवणाऱ्या घटकाविना) बनवलेली लस आणि जनतेसाठी सहायक द्रव्य असलेली लस घेतली गेली होती. दोन्ही लसी मान्यताप्राप्त असूनही आपल्याला दुय्यम लस मिळते आहे, या समजाने लोक बिथरले.

देशादेशांतली रांग हा याहून जुना आणि याहून कटू विषय आहे. बर्ड फ्लूचे विषाणूनमुने आपण द्यायचे, त्यांवर कंपन्यांनी लस बनवायची आणि ती आपल्याला परवडूही नये, असा आक्षेप घेत इंडोनेशियाच्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी 2007 च्या सुमारास नमुने पाठवणे थांबवले. त्यांच्या या पवित्र्यावर तेव्हा टीका झाली. पण त्यातूनच फ्लूचे नमुने आणि लसींचा वाटा यांची सांगड घालणारी चौकट 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत मंजूर झाली. दरम्यान 2009 मध्ये श्रीमंत देशांनी आगाऊ करार करून बहुतेक उत्पादन अडवून ठेवले होते, आणि गरीब देशांसाठी जाहीर झालेल्या देणग्या साथ ओसरू लागल्यावर पोहोचल्या.

कोविडच्या वेळी हे सारे प्रश्न एकत्रच समोर आले. मृत्यू कमी करायचे की संसर्गाचा प्रसार रोखायचा, यावर क्रम ठरतो. आणि सुरुवातीच्या चाचण्यांनी लस आजारापासून वाचवते एवढेच दाखवले होते, प्रसार किती थांबतो हे नाही. त्यामुळे ब्रिटनने वयाचा साधा निकष स्वीकारला आणि वृद्धाश्रमांतील रहिवासी व त्यांचे सेवक यांच्यापासून पन्नाशीपर्यंत उतरत जाणारे नऊ गट ठरवले. त्या वेळपर्यंतच्या कोविड मृत्यूंपैकी सुमारे 99 टक्के याच गटांतले असल्याचे सांगण्यात आले. इंडोनेशियाने आरोग्य कर्मचाऱ्यांनंतर 18 ते 59 वयोगटातील कमावत्या लोकांना पुढे घेतले, कारण त्यांच्याकडच्या सायनोव्हॅक लसीविषयी वृद्धांमधील माहिती तेव्हा अपुरी होती आणि अर्थचक्र चालू ठेवण्याचाही विचार होता. अमेरिकेत वृद्ध आधी की अत्यावश्यक कामगार आधी, यावर तीव्र मतभेद झाले. कामगारांमध्ये अल्पसंख्याकांचे प्रमाण अधिक असल्याने त्या वादाला वांशिक न्यायाची किनार होती. अखेर 20 डिसेंबर 2020 रोजी 75 वर्षांवरील व्यक्ती आणि आघाडीवरचे कामगार यांना एकत्र घेण्याची तडजोड झाली. कोलोरॅडो राज्यात तर कैद्यांना वृद्धांच्या आधी ठेवणारा मसुदा गव्हर्नरांनी जाहीरपणे फेटाळला. कोंदट तुरुंगांत साथ झपाट्याने पसरते, हा वैद्यकीय मुद्दा ‘गुन्हेगारांना आधी का?’ या प्रश्नापुढे टिकला नाही.

नियम चांगला असूनही त्याची अंमलबजावणी कशी फसते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे स्टॅनफर्ड येथील रुग्णालय. लस कोणाला आधी द्यायची हे ठरवण्यासाठी तेथे संगणकीय सूत्र वापरले गेले. त्यात वय आणि नेमणुकीचा विभाग यांना महत्त्व होते. निवासी डॉक्टर तरुण होते आणि त्यांना एक ठरलेला विभाग नव्हता. परिणामी पहिल्या 5,000 डोसांच्या यादीत 1,300 हून अधिक निवासी डॉक्टरांपैकी केवळ सात जणांची नावे आली, तर घरून काम करणारे काही वरिष्ठ त्या यादीत होते. न्यूयॉर्क राज्यात एकीकडे अपात्र व्यक्तीला लस दिल्यास दहा लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद झाली, आणि दुसरीकडे आलेला साठा आठवड्यात न संपवल्यास एक लाख डॉलर दंडाची ताकीद मिळाली. उघडलेली कुपी काही तासांत वापरावीच लागते. संध्याकाळी दोन डोस उरले आणि पात्र माणूस समोर नसला, तर परिचारिकेने काय करायचे, याचे उत्तर या दोन्ही आदेशांतून एकाच वेळी मिळत नव्हते.

सर्वांत मोठे राजकीय हादरे मात्र चोरून घेतलेल्या लसींमुळे बसले. पेरूमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष मार्टिन विस्कारा यांच्यासह 487 जणांनी चाचणीसोबत आलेल्या जादा डोसांतून गुपचूप लस घेतल्याचे फेब्रुवारी 2021 मध्ये बाहेर आले; आरोग्य आणि परराष्ट्र या दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांना जावे लागले. त्याच महिन्यात अर्जेंटिनाचे आरोग्यमंत्री ओळखीच्या लोकांना मंत्रालयात लस दिल्यावरून पायउतार झाले, आणि त्याआधी जानेवारीत स्पेनच्या संरक्षण दलांच्या प्रमुखांनी राजीनामा दिला होता. याच सुमारास, 13 जानेवारीला, इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी देशात सर्वांत आधी लस घेतली, तीही दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर, आणि त्यावर असा गदारोळ झाला नाही. पदामुळे आधी नंबर विस्कारा आणि विडोडो या दोघांनाही मिळाला होता. फरक होता तो उघडपणाचा.

देशांमधील दरी याहून मोठी होती. 18 जानेवारी 2021 रोजी जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक टेड्रोस घेब्रेयेसुस यांनी सांगितले की, 49 सधन देशांत 3 कोटी 90 लाखांहून अधिक डोस दिले गेले असताना एका अत्यल्प उत्पन्नाच्या देशात फक्त 25 डोस दिले गेले आहेत. प्रत्येक सहभागी देशातील 20 टक्के लोकांपर्यंत आधी लस नेण्याच्या हेतूने उभारलेल्या ‘कोव्हॅक्स’ योजनेची पहिली खेप 24 फेब्रुवारीला घानात उतरली. पण या योजनेची मोठी मदार भारतातील सीरम इन्स्टिट्यूटवर होती. भारतात दुसरी लाट उसळून निर्यात थांबल्यावर आफ्रिकेतील अनेक देशांत दुसऱ्या डोसची वाट पाहणारे आरोग्य कर्मचारी खोळंबले. एमपॉक्सच्या (पूर्वीचे नाव मंकीपॉक्स) बाबतीतही तेच घडले. 2022 मध्ये युरोप-अमेरिकेत लस उपलब्ध झाली, पण हा आजार वर्षानुवर्षे सोसणाऱ्या काँगोला पहिला साठा मिळायला सप्टेंबर 2024 उजाडले.

20 मे 2025 रोजी जागतिक आरोग्य सभेने स्वीकारलेल्या महासाथ कराराला हा सारा इतिहास आहे. महासाथीच्या काळात सहभागी उत्पादकांनी आपल्या तत्कालीन उत्पादनाच्या 20 टक्क्यांपर्यंत वाटा जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करून द्यावा, त्यात उत्पादनाचे किमान 10 टक्के देणगीरूपाने असावेत आणि तो सार्वजनिक आरोग्याची जोखीम व गरज पाहून वाटला जावा, असे त्यात म्हटले आहे. संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय आधीच जाहीर केलेली अमेरिका या कराराबाहेर राहिली. हा वाटा कोणत्या अटींवर आणि विषाणूनमुन्यांच्या देवाणघेवाणीशी कसा जोडून मिळवायचा, हे सांगणारे परिशिष्ट मात्र स्वतंत्र वाटाघाटींवर सोपवण्यात आले, आणि ते मंजूर झाल्याशिवाय करार स्वाक्षऱ्यांसाठी खुला होणार नाही, असे त्याच वेळी ठरले.