क्राऊन लिकर सलून, बेलफास्ट

उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात, ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवर युरोपा हॉटेलच्या समोर असलेला ऐतिहासिक पब. गावात त्याला नुसते ‘क्राऊन बार’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ब्रिटन आणि आयर्लंडच्या शहरांत ‘जिन पॅलेस’ पद्धतीची झगमगीत मद्यालये निघाली. त्यांपैकी अंतर्भागातील सजावटीसह टिकून राहिलेल्यांत हा पब फार वरच्या पंगतीतला आहे. १९७८ पासून त्याची मालकी नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. तरीही हे संग्रहालय नव्हे; येथे आजही रोज बिअर आणि व्हिस्की विकली जाते.

स्थापनेचे वर्ष १८२६ असे सांगितले जाते आणि पहिला मालक म्हणून फेलिक्स ओ’हॅनलन याचे नाव येते. तेव्हाचे नाव ‘रेल्वे टॅव्हर्न’ होते, असेही सोबत सांगतात. पण समोरचे रेल्वे स्थानक १८३९ मध्ये सुरू झाले, तेव्हा हे नाव मागाहून पडले असणार. पुढे पब फ्लॅनगन कुटुंबाकडे आला. मुलगा पॅट्रिक याने १८८५ मध्ये त्याचे नूतनीकरण करून नवे नाव दिले. आजचा पब दिसतो तो मुख्यतः या काळातला. मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस उभे राहत होते ते हेच दशक, आणि लिनन कापडाच्या गिरण्या व जहाजबांधणीवर फुगत चाललेल्या बेलफास्टला शहराचा दर्जा मिळाला तोही याच दशकात, १८८८ मध्ये.

जिन पॅलेसमागचा हिशेब साधा होता. गिऱ्हाईक कामगारवस्तीतल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून येणार. त्याला गॅसबत्त्यांचा लखलखाट, मोठमोठे आरसे आणि कोरीव लाकूड दाखवले की दोन पेल्यांपुरता तो महालात बसतो. क्राऊनमध्ये हा हिशेब रस्त्यावरूनच सुरू होतो. वरचे मजले साध्या गिलाव्याचे आहेत. तळमजला मात्र रंगीबेरंगी चकचकीत टाइलांनी मढवलेला. कोळशाच्या धुराने काळवंडणाऱ्या शहरात अशी टाइल फडक्याने पुसता येई, म्हणजे शोभेत सोयही होती. या टाइला इंग्लंडमधील जॅकफील्डच्या क्रेव्हन डनिल कारखान्यातून आल्या. त्या काळात कॅथलिक चर्चच्या कामासाठी आयर्लंडमध्ये आलेल्या इटालियन कारागिरांना फ्लॅनगनने संध्याकाळनंतर इकडे कामाला लावले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. लाकूड, काच आणि फरशी बसवण्याच्या कामाबद्दल ती खरी असू शकेल. टाइलांचे श्रेय मात्र कारखान्याचे आहे.

दारात पायाखाली मोझेकमध्ये राजमुकुट काढलेला आहे. याचीही दंतकथा आहे. प्रॉटेस्टंट, ब्रिटिश राजसत्तेशी निष्ठा असलेल्या बायकोने ‘क्राऊन’ (मुकुट) नावाचा हट्ट धरला. कॅथलिक, आयरिश राष्ट्रवादी नवऱ्याने नाव दिले, पण मुकुट येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुडवावा म्हणून जमिनीवर बसवला. पुरावा शोधायला जाऊ नये. बेलफास्टमध्ये ही गोष्ट का टिकली, हे मात्र शहरातल्या या दोन गटांमधील जुने वैर माहीत असलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आत एका अंगाला लांबलचक बार आहे. त्याचा वरचा पृष्ठभाग लाल ग्रॅनाइटचा, दर्शनी बाजू टाइलांची, आणि खाली पाय टेकायला गरम राहणारी पट्टी. पावसात भिजून आलेल्या माणसाला आणखी काय हवे? पाठीमागे कोरीव लाकडाच्या चौकटीत आरसे आणि दारूची पिंपे मांडलेली. वर नक्षीदार छत, त्याखाली अजूनही गॅसबत्त्या. चर्चमधल्या वेदीसारखी ही मांडणी असल्याचे बहुतेक पाहणाऱ्यांना जाणवते.

पण क्राऊनचे खरे वैशिष्ट्य म्हणजे बारसमोरचे दहा ‘स्नग’, म्हणजे लाकडी भिंतींचे छोटे बंदिस्त कक्ष. त्यांना इंग्रजी वर्णमालेतील ए ते जे अशी अक्षरे दिली आहेत. कल्पना यावी म्हणून इराणी हॉटेलातली फॅमिली रूम आठवावी. फक्त येथे पडद्याऐवजी दार, आणि दारापाशी खांबांवर ढाली धरून बसलेले लाकडी सिंह व ग्रिफिन (गरुडाचे डोके आणि सिंहाचे धड असलेला काल्पनिक प्राणी). ढालींवर लॅटिन वचने आहेत : एक खऱ्या देशप्रेमाचे, दुसरे धाडसी माणसाला नशीब साथ देते अशा अर्थाचे. आत समोरासमोर बाके, मध्ये टेबल, आणि भिंतीवर काडी ओढण्यासाठी ठोकलेली गनमेटलची पट्टी. उठून बारपर्यंत जायचे नाही. घंटेची कळ ओढली की कोणत्या कक्षातून बोलावणे आहे ते बारवाल्याला कळे. चारचौघांत पिताना दिसणे ज्यांना परवडत नसे, त्यांच्यासाठी ही सोय. त्यांत प्रतिष्ठित घरच्या बायकाही आल्या. रस्त्याकडच्या खिडक्यांची रंगवलेली काचही याच कामाची : तिच्यावर पऱ्या, अननस, विदूषक आहेत, उजेड आत येतो, पण बाहेरच्याची नजर पोचत नाही. थोडक्यात, ही वास्तू बाहेरून लोकांना ओढते आणि आत आल्यावर लपवते.

कॅरोल रीड यांच्या ‘ऑड मॅन आउट’ (१९४७) या चित्रपटासाठी स्टुडिओत या बारवर बेतलेला सेट उभारला होता, त्यामुळे पबचे नाव आयर्लंडबाहेरही गेले. मग आला यादवीचा काळ, म्हणजे उत्तर आयर्लंडमधील ब्रिटननिष्ठ आणि आयरिश राष्ट्रवादी यांच्यातील सशस्त्र संघर्षाचा. समोरच्या युरोपा हॉटेलवर तीसहून अधिक वेळा बॉम्बहल्ले झाले आणि दर मोठ्या स्फोटाचा फटका क्राऊनच्या काचांना बसला. कवी जॉन बेट्जमन आदींच्या आग्रहामुळे नॅशनल ट्रस्टने पब विकत घेतला. १९८१ मध्ये सुमारे चार लाख पौंड आणि २००७ मध्ये सुमारे पाच लाख पौंड खर्चून दुरुस्ती झाली. साहजिकच आज दिसणारी सगळीच काच फ्लॅनगनच्या काळातली नाही. पर्यटकांना सरसकट ‘सगळे मूळचे’ असे सांगितले जाते, ते थोडे सैल विधान आहे. पब चालवण्याचे काम ट्रस्ट स्वतः करत नाही. ते एका व्यावसायिक पब कंपनीकडे भाडेपट्ट्याने दिलेले आहे.