काळवंडलेला राणीछाप रुपया घासू नका

राणीछाप रुपया, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असलेलं जुनं चांदीचं नाणं, काळवंडला म्हणजे चांदी हिणकस, आणि चिंच लावून लख्ख घासला की भाव वाढतो, असं घरोघरी ऐकू येतं. दोन्ही चूक. हा रुपया 91.7 टक्के चांदीचा. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे त्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर चढतो. तो बहुधा कडेकडून आत सरकतो. पिवळसर, जांभळट, निळा असे रंग एकमेकांत विरत जातात, आणि नाणं तिरपं धरलं की खालची मूळ चमक फिरताना दिसते. (अगदी काळाकुट्ट थर मात्र फारसा कुणाला आवडत नाही.) साध्या डागाची कड मात्र ठळक असते, कित्येकदा तो बोटाचा ठसाच असतो. पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटातला हिरवट चिकटा तर चांदी खातो. नाणं शुद्ध अ‍ॅसिटोन या द्रावकात बुडवून, तो न चोळता काढावा. घासल्याने राणीच्या गालावर पडलेले ओरखडे संग्राहक भिंगाखाली लगेच हेरतो.