दाट झाडीतील होल (डिस्क गोल्फ)

टीपासून बास्केटपर्यंतचा मार्ग खोडांनी, फांद्यांनी आणि झुडपांनी वेढलेला असून पहिल्याच फेकीला सरळ मोकळी वाट मिळत नाही, अशा होलला डिस्क गोल्फमध्ये झाडीतील होल म्हणतात. या खेळात चेंडू व काठीच्या जागी सुमारे २१ सेंटिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची चकती, म्हणजे डिस्क, असते आणि जमिनीतल्या खड्ड्याऐवजी लोखंडी खांबाला साखळ्या लावलेली बास्केट असते. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, पहिली फेक होते; टी ते बास्केट हा एक टप्पा म्हणजे एक होल. डिस्क जेथे थांबेल तेथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत ती बास्केटमध्ये टाकायची, एवढाच खेळाचा गाभा आहे. मोकळ्या मैदानावरील होलमध्ये लांब फेकणाऱ्याचे पारडे जड राहते. झाडीत मात्र लांबी दुय्यम ठरते. पहिली फेक किती दूर गेली यापेक्षा ती दुसऱ्या फेकीसाठी कोणती जागा देऊन गेली, यावर होलचा निकाल लागतो.

या खेळासाठी कायमस्वरूपी आखलेले पहिले मैदान १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये तयार झाले. ते आखणारे एड हेड्रिक यांनीच पुढच्या वर्षी व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना स्थापन केली आणि साखळ्यांच्या बास्केटचे पेटंट त्यांना १९७७ मध्ये मिळाले. १९८३ मध्ये डेव्ह ड्युनिपेस यांनी उतरत्या, पातळ कडेची डिस्क बाजारात आणल्यावर फेकींची लांबी वाढली. गोल्फप्रमाणे विस्तीर्ण हिरवळ राखण्याची गरज नसल्याने हा खेळ उंचसखल, झाडीच्या आणि एरवी फारशा उपयोगात नसलेल्या जमिनीवर सहज मांडता आला. फिनलंडमध्ये आणि अमेरिकेच्या पूर्व भागात जंगलातून जाणारी मैदाने सर्रास आढळतात. २०१८ ची व्यावसायिक जागतिक स्पर्धाही व्हरमाँटमधील स्मगलर्स नॉच येथील डोंगराळ, झाडीच्या मैदानांवर झाली.

झाडीतल्या पहिल्या फेकीची अडचण भूमितीने नेमकी सांगता येते. दोन खोडांमध्ये २ मीटर मोकळी फट आहे असे धरले, तर डिस्कची स्वतःची रुंदी वजा जाता तिच्या मध्यबिंदूला दोन्ही बाजूंना जेमतेम ९० सेंटिमीटर जागा उरते. ही फट टीपासून १० मीटरवर असेल तर दिशेत सुमारे ५ अंशांची चूक खपते, २० मीटरवर अडीच अंशांची आणि ४० मीटरवर फक्त सव्वा अंशाची. म्हणजे जवळची फट दिसायला कितीही चिंचोळी वाटली तरी तितकीच रुंद दूरची फट साधणे अधिक कठीण असते. शिवाय डिस्क हातातून सुटल्यावर सुरुवातीचे काही मीटर जवळजवळ सरळ जाते. तिचे वळण नंतर, वेग कमी होऊ लागल्यावर दिसते. म्हणून जवळची फट हाताच्या दिशेने साधायची आणि दूरची फट डिस्कच्या निवडीने. नवखे खेळाडू बहुधा उलट करतात: दूरच्या बास्केटकडे पाहत फेकतात आणि समोरच्याच खोडावर आदळतात. जवळच्या खोडावरची धडक अधिक महागात पडते, कारण डिस्क पूर्ण वेगात असताना आडवी उडते, कधी टीच्याही मागे जाऊन पडते.

उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि वेग ओसरल्यावर डावीकडे झुकते. या झुकण्याला फेड म्हणतात. त्याच हाताने फोरहँड फेकल्यास फिरण्याची दिशा उलटते आणि शेवट उजवीकडे होतो. बाहेरची, म्हणजे हातापासून दूरची, कड खाली ठेवून सोडलेल्या फेकीला हायझर आणि वर ठेवून सोडलेल्या फेकीला ॲनहायझर म्हणतात. डावीकडे वळणाऱ्या बोळासाठी बॅकहँड हायझर, उजवीकडे वळणाऱ्यासाठी फोरहँड, हे साधे गणित बहुतेक होलवर पुरते. मात्र बोळ लांब आणि सरळ असेल, तेथे ड्रायव्हर या वेगवान डिस्कचा मोह टाळलेला बरा. ड्रायव्हरला तिच्या आखणीप्रमाणे उडण्यासाठी जो वेग लागतो तो मिळाला नाही, तर ती लवकरच बाजूला कलते आणि जमिनीवर पडल्यावरही घसरत झुडपात शिरते. पटर (जवळच्या फेकींसाठीची) किंवा मिडरेंज (मध्यम अंतराची) डिस्क सावकाश, सरळ जाते आणि पडते तेथेच थांबते. अनुभवी खेळाडू ६० ते ७० मीटरच्या झाडीतल्या होलवर टीवरूनही पटर काढतात, यात कमीपणा काही नाही.

टीच्या अगदी जवळ झाड असले की अडचण वेगळी होते. टीची फरशी साधारण दीड मीटर रुंद आणि तीन मीटर लांब असते. तिच्या एका कडेवरून बंद वाटणारी वाट दुसऱ्या कडेवरून उघडी दिसू शकते, म्हणून फेकीपूर्वी डावी-उजवीकडची दोन्ही टोके पाहून घ्यावीत. धावत येऊन फेकल्याने वेग वाढतो, पण सुटण्याचा क्षण चुकण्याची शक्यताही वाढते. झाडीत उभ्याने, बिनधावेची फेक पुष्कळदा अधिक उपयोगी पडते. फांद्यांचे छत खाली आले असेल तर फेक कमरेच्या उंचीवरून सपाट सोडतात किंवा डिस्क कडेवर उभी करून जमिनीवरून घरंगळत नेतात, जिला रोलर म्हणतात. खाली दाटी आणि वर आकाश मोकळे असेल तर डोक्यावरून उभी फेक करून झाडांच्या माथ्यावरून जाण्याचाही पर्याय असतो. यांपैकी कोणतीच वाट भरवशाची वाटत नसेल, तर चुकण्याची बाजू ठरवून फेकावे: डावीकडे करवंदांची जाळी आणि उजवीकडे विरळ झाडे असतील तर नेम फटीच्या मध्यापेक्षा किंचित उजवीकडे धरणे शहाणपणाचे ठरते. आत अडकल्यावर बास्केटकडे चमत्काराची फेक करण्यापेक्षा एक फेक खर्चून बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात येणे स्वस्त पडते.

नियम या बाबतीत स्पष्ट आहेत. टीवर डिस्क सुटण्याच्या क्षणी खेळाडूचे पाय टीच्या हद्दीत हवेत. नंतरच्या फेकींत डिस्क थांबलेल्या जागेच्या खुणेच्या मागे २० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर लांब जागेत एक तरी पाय टेकलेला असावा लागतो. वाट करण्यासाठी जिवंत फांदी मोडता, बांधता किंवा दाबून धरता येत नाही. उभे राहण्याच्या जागेवरील सुटा पालापाचोळा वा दगड मात्र हलवता येतात. फेकीच्या ओघात फांदीला सहज लागलेला हात चालतो. डिस्क झाडावर अडकली तर तिच्या बरोबर खालच्या जमिनीवरून पुढे खेळायचे. २ मीटरपेक्षा उंच अडकल्यास दंड लावायचा की नाही, हे स्पर्धेचे संचालक आधी जाहीर करतात. हरवलेली डिस्क शोधायला ३ मिनिटे मिळतात. ती सापडली नाही तर दंडाची एक फेक धरून आधीच्या जागेवरून पुन्हा खेळावे लागते.

नाशिक परिसरातील झाडी या खेळाच्या दृष्टीने एकसारखी नाही. पेठ, सुरगाणा, हरसूल या पश्चिम पट्ट्यात सागाची वने आहेत. सागाची लागवड सामान्यतः २ मीटर बाय २ मीटर अंतराने होते, त्यामुळे विरळणी न झालेल्या रोपवनात खोडाची जाडी वजा जाता ओळींमध्ये १.८ मीटरच्या आसपासच वाट राहते. अशा ओळी ठरावीक कोनातून पाहिल्यास लांबवर उघड्या दिसतात आणि एक पाऊल सरकताच खोडांची भिंत उभी राहते. नीलगिरीच्या लागवडीत खोडे सरळ आणि फांद्या उंच असल्याने छताची चिंता नसते, केवळ दिशेची कसोटी लागते. बाभूळ व सुबाभळीची दाटी याच्या नेमकी उलट: खालपर्यंत आलेल्या फांद्यांमुळे उंचीही मोजूनमापून ठेवावी लागते. घाणेरीच्या जाळीत गेलेली डिस्क हाताने न चाचपता काठीने शोधावी. पावसाळ्यात आणि संध्याकाळी हा इशारा घोणस व फुरशांमुळे जास्त गंभीरपणे घ्यायचा. जिल्ह्यात बिबट्यांचा वावर असल्याने अंधार पडू लागल्यावर एकट्याने शोधत हिंडू नये.

ऋतूंचा परिणामही मोठा आहे. थंड प्रदेशांतील झाडी हिवाळ्यात उघडी पडते, तर सागाची पाने हिवाळ्याच्या अखेरीपासून गळू लागतात आणि उन्हाळ्यात डोक्यावरचे छत बरेच मोकळे होते. त्याच वेळी पत्रावळीएवढ्या वाळक्या पानांचा थर जमिनीवर साचतो आणि सपाट पडलेली डिस्क त्याखाली घसरून दिसेनाशी होते. उन्हाळ्यात पिवळी व नारिंगी डिस्क पाचोळ्यात हरवते, पावसाळ्यात हिरवी गवतात. गडद गुलाबी रंग दोन्ही ऋतूंत बरा. आषाढ-श्रावणात ओल्या हातातून डिस्क किंचित लवकर सुटते, आणि झाडीत तेवढी चूकही खोडावर नेऊन आदळते, म्हणून कोरडे फडके जवळ ठेवतात.

सरावासाठी मात्र जंगलच हवे असे नाही. गोल्फ क्लब मैदान या नावाने नाशिककरांना परिचित असलेल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानासारख्या सपाट जागेवर, गर्दी नसताना, २० मीटरवर दोन काठ्या २ मीटर अंतराने रोवून त्यांमधून पटर फेकत राहिल्यास दिशेचा अंदाज झाडीपेक्षाही लवकर येतो, कारण चुकलेली डिस्क शोधण्यात वेळ जात नाही.

अशा होलची आखणी करताना वाट कठीण असली तरी ती असली पाहिजे. नेम चुकला नसतानाही केवळ दैवावर फेक पार होत असेल, तर तो होल कसोटी पाहत नाही, सोडत काढतो. जाणकार आखणीकार निदान एक स्पष्ट मार्ग आणि डिस्क पडण्यासाठी एक मोकळा टप्पा ठेवतात. नाशिक महापालिकेच्या हद्दीत १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यास परवानगी लागते, आणि वनजमिनीवर वन विभागाची. त्यामुळे झाडे काढून वाट करण्यापेक्षा असलेल्या फटी शोधून टी हलवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. देवराईंमध्ये असा खेळ मांडूच नये. टीजवळच्या खोडांवर वारंवार आदळून साल सोलवटते, म्हणून अशा खोडांना संरक्षक आवरण गुंडाळण्याची पद्धत अनेक मैदानांवर आहे. पांडवलेणीच्या पायथ्याच्या नेहरू वनोद्यानासारख्या जागी फिरणाऱ्यांच्या वाटा झाडीआड असतात. ताशी ८०-९० किलोमीटर वेगाने येणारी दीडशेहून अधिक ग्रॅमची डिस्क गंभीर इजा करू शकते, म्हणून जेथे टीवरून पुढचे दिसत नाही तेथे एका साथीदाराला पुढे उभे करून, त्याने हात वर केल्याखेरीज फेक करत नाहीत.