म्युनिकचा अठरा वर्षांचा करार : पाणी राखण्यासाठी सेंद्रिय शेती

पिण्याच्या पाण्यातले नायट्रेट, म्हणजे खतातल्या नत्रापासून (नायट्रोजनपासून) बनणारा आणि पाण्यात विरघळणारा क्षार, कमी करायच्या दोन वाटा आहेत. पाणी उपसल्यावर ते यंत्राने काढायचे, नाहीतर शेतातून खाली उतरूच द्यायचे नाही. जर्मनीतल्या म्युनिक शहराने १९९२ साली दुसरी वाट धरली. ज्या खोऱ्यातून शहराला पाणी येते, तिथल्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीकडे वळण्यासाठी शहराने पैसे द्यायला सुरुवात केली. सेंद्रिय शेती आणि पाणी यांचा विषय निघाला की हे उदाहरण हमखास दिले जाते, पण ते कशामुळे जमले हे क्वचितच सांगितले जाते.

एकोणिसाव्या शतकात म्युनिकमध्ये कॉलऱ्याच्या साथी येत. १८५४ ची साथ मोठी होती, १८७३ मध्ये पुन्हा आली. माक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने सांडपाण्याची व्यवस्था आणि बाहेरून स्वच्छ पाणी यांचा आग्रह धरला, आणि १८८३ पासून आल्प्सच्या पायथ्याकडच्या मांगफाल खोऱ्यातले पाणी शहरात येऊ लागले. अंतर सुमारे ४० किलोमीटर, पण उतार असा की पाणी पंपाविना पोचते. पेटेनकोफरचा कॉलऱ्याविषयीचा सिद्धान्त मात्र चुकीचा होता. नुसत्या जंतूने रोग होत नाही, जमीन आणि भूजलाची साथ लागते, असे तो मानी. १८९२ मध्ये हे दाखवायला तो कॉलऱ्याचे जंतू प्यायलाही. सिद्धान्त कोसळला, त्याच्या आग्रहातून आलेले पाणी राहिले. शहराने पाणलोटातल्या जमिनी आणि जंगलेही विकत घेत आणली, आणि हीच मालकी पुढे कामी आली.

याच पेटेनकोफरच्या गुरूने, युस्टुस फॉन लीबिगने, १८४० मध्ये पिके खनिज अन्नावर पोसतात हे ठासून मांडले होते. १८५२ मध्ये लीबिगही म्युनिकला आला. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊला त्याचा कारखाना सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त नत्र शेतोशेत पोचले. मांगफाल खोऱ्यात दुधाचा धंदा वाढला, बाहेरून आणलेल्या खुराकावर गायी वाढल्या. त्यांचे पातळ शेण-मूत शेतात सोडले जाऊ लागले, वर रासायनिक खत.

नत्र पाण्यात कसे जाते, हे समजले तर पुढचे सगळे समजते. मातीच्या कणांवर ऋण भार असतो. अमोनियम धन भाराचे असल्याने मातीला चिकटून राहते. पण मातीतले जिवाणू त्याचे काही दिवस-आठवड्यांत नायट्रेट करतात, आणि नायट्रेट ऋण भाराचे असल्याने त्याला धरून ठेवणारे काही उरत नाही. पीक ते उचलत असेल तर ठीक. रान मोकळे असताना पाऊस पडला की ते मुळांच्या खाली जाते. तिथे प्राणवायू नसेल तर काही जिवाणू नायट्रेट मोडून नत्र हवेत सोडतात. मांगफालसारख्या रेती-गोट्यांच्या थरातले पाणी मात्र प्राणवायूने भरलेले असते, त्यामुळे खाली गेलेले नायट्रेट तसेच राहते.

१९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरने विहिरीच्या पाण्यावर तयार केलेले दूध प्यायल्याने निळी पडलेली तान्ही बाळे नोंदवली. नायट्रेटचे पोटात नायट्राइट होते आणि ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटवते. तान्ह्यांना बाधू नये म्हणून पुढे लिटरला ५० मिलिग्रॅमची आंतरराष्ट्रीय मर्यादा आली; भारतीय मानकात ती ४५ आहे. पाणी उकळून उपयोग नाही. वाफ उडते, नायट्रेट मागे राहते आणि दाट होते.

१९९१ च्या सुमारास म्युनिकच्या पाण्यात नायट्रेट लिटरला १४ मिलिग्रॅमच्या आसपास होते, म्हणजे मर्यादेच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पाणी पिण्यालायक होते. तरीही आकडा दर काही वर्षांनी वर सरकत होता, म्हणून शहराने तेव्हाच हात घातला. या सगळ्या कहाणीत मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. विहीर मर्यादा ओलांडल्यावर जाग येते, तोवर कित्येक वर्षांचे नत्र मातीत आणि मुरुमात साठलेले असते.

करारात अटी थोड्या होत्या, पण पक्क्या. शेतकऱ्याने मान्यताप्राप्त सेंद्रिय संघटनेच्या नियमाने सगळे शेत चालवायचे, रासायनिक खते आणि कीडनाशके बंद. त्या बदल्यात शहराने पहिली ६ वर्षे हेक्टरी ५५० मार्क (सुमारे २८१ युरो) आणि त्यापुढची १२ वर्षे ४५० मार्क (सुमारे २३० युरो) द्यायचे. सल्ला आणि तपासणीची सोय संघटनांमार्फत, आणि माल विकायला शहराची मदत. पहिल्या वर्षांत उत्पन्न घटते आणि मालाला सेंद्रियचा भाव मिळत नाही. पैसे याच खिंडीसाठी होते. शतकाअखेर नव्वदच्या वर शेतकरी सामील झाले. पुढे नायट्रेट आठच्या खाली आले. पाण्याच्या हजार लिटरमागे या योजनेचा खर्च सुमारे एक युरोसेंट पडतो. नायट्रेट काढण्याची यंत्रणा याच्या कित्येक पट महाग पडते.

पण ‘सेंद्रिय म्हणजे पाण्याला निर्धोक’ असे समजू नये. शेणखतातले नत्रही शेवटी नायट्रेटच होते. हेक्टरी वर्षाला १७० किलो नत्राची जी मर्यादा युरोपने घातली, ती जनावरांच्या खतासाठीच. आपल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र धरले तर ३४ टनांना ती भरते. डाळवर्गी चारा पीक हेक्टरी शंभर किलोंच्या पुढे नत्र मातीत बांधते. ते पाऊसकाळाच्या तोंडाशी नांगरून रान मोकळे सोडले तर त्यातले बरेचसे खाली जाते. खताचा उघडा ढीग विहिरीजवळ असेल तर त्याचा काळा रस पहिल्या पावसात थेट झिरपतो. ढीग झाकलेला, उंचावर आणि विहिरीपासून लांब हवा. आणि खत कुजलेले हवे, म्हणजे नत्र हळूहळू सुटते.

कंपोस्टच्या या शास्त्रात आपलाही हात आहे. इंदूरला १९२४ ते १९३१ दरम्यान अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेण, पालापाचोळा आणि मूत भिजलेली माती यांच्या थरांनी खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ मध्ये त्यावरचे पुस्तक निघाले, त्याचे सहलेखक यशवंत वाड होते. जर्मनीतल्या सेंद्रिय संघटना मात्र वेगळ्या परंपरांतून वाढल्या; त्यांतली एक रुडॉल्फ स्टाइनरच्या १९२४ च्या व्याख्यानांपासूनची. स्टाइनरच्या परंपरेबाहेरच्या संघटनांपैकी बायोलांड १९७१ ची, नातुरलांड १९८२ ची. म्युनिकने करार केला तेव्हा तपासणी करणारी ही मंडळी तयारच होती.

महाराष्ट्रात माती, पीक आणि पाणी तिन्ही वेगळी. आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे, म्हणजे नुसत्या युरियातून ४५ किलोच्या जवळपास १९ गोण्या. त्यावर पाटाचे पाणी सोडले की उसाने न उचललेले नत्र खाली जाते. भेगाळलेल्या काळ्या रानात पहिला पाऊस भेगांतूनच उतरतो, मातीला त्याला अडवायला वेळच मिळत नाही. खाली मुरूम आणि बेसाल्ट, त्यात उथळ विहिरी. १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर बंधन आले, पण तो पाण्याच्या साठ्याचा कायदा होता. त्या ५०० मीटरमध्ये किती युरिया पडतो याचे बंधन त्यात नव्हते. २०१५ मध्ये आलेल्या परंपरागत कृषी विकास योजनेत गट करून शेतकऱ्यांना ३ वर्षे मदत मिळते. मातीचा पोत सुधारायला सुरुवात होते तोवर मदत संपते. म्युनिकने १८ वर्षे धरली ती उगाच नव्हे.

गावाने सुरुवात करायची तर पिण्याच्या विहिरीच्या वरच्या बाजूची शेते आधी नकाशावर काढावीत आणि पाणी वर्षातून दोनदा तपासावे, मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर. अहवालात ‘नायट्रेट’ लिहिले आहे की ‘नायट्रेट-नायट्रोजन’, हे नक्की पाहावे. दुसरा आकडा असेल तर त्याला ४.४३ ने गुणायचे. तिथे १० दिसले तर नायट्रेट ४४, म्हणजे मर्यादेला टेकलेले. वरच्या शेतांत नत्र निम्म्यावर आणले तरी विहिरीतला आकडा लगेच हलत नाही. म्युनिकमध्येही पहिली काही वर्षे तो अगदी सावकाश उतरला, कारण जुने नत्र अजून वाटेतच होते.