सोर्स शेवटचा कधी मोजला?

नाशिक जिल्ह्यात किरणोत्सर्गाचा विषय निघाला की बोट लासलगावकडे जातं. २००२ पासून तिथल्या ‘कृषक’ केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याचे मोड रोखले जातात. त्यासाठी ६० ते ९० ग्रे (शोषलेल्या किरणोत्सर्गाचं एकक) मात्रा पुरते आणि कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही. हरवण्याची भीती मात्र या कोबाल्टची नाही. तो जाड काँक्रीटच्या आड असतो, आणि त्याला हात लावायला जाणारा माणूस तो घेऊन बाहेर पडू शकणार नाही.

हरवतो तो फिरता सोर्स, म्हणजे किरणं देणारा किरणोत्सारी पदार्थ. सातपूर, अंबड, सिन्नरसारख्या औद्योगिक वसाहतीत प्रेशर व्हेसल बनतात, कुठे पाइपलाइन टाकली जाते, कुठे बॉयलरच्या ट्यूब बदलल्या जातात. वेल्डिंगच्या जोडात आत भेग किंवा पोकळी राहिली आहे का, हे बघायला आरटीवाले, म्हणजे इंडस्ट्रियल रेडिओग्राफीचे लोक, इरिडियम-१९२ घेऊन येतात. ज्याला ते ‘कॅमेरा’ म्हणतात त्यात लेन्सही नसते आणि फिल्मही नसते. ती वीस-पंचवीस किलोची पेटी असते. आत किरणं अडवणारा डिप्लीटेड युरेनियमचा ठोकळा, त्यातून इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली नळी, आणि नळीच्या मधोमध सोर्स. सोर्स म्हणजे वीतभर लवचीक तार: एका टोकाला इरिडियमच्या चकत्या भरलेली स्टीलची छोटी कॅप्सूल, दुसऱ्या टोकाला कनेक्टर. हिलाच पिगटेल म्हणतात. मागून ड्राइव्ह केबल जोडायची, पुढे गाईड ट्यूब लावायची, लांब उभं राहून क्रँक फिरवायचा. सोर्स नळीतून पुढे जोडापाशी जातो, फिल्म एक्स्पोज होते, क्रँक उलटा फिरवला की परत पेटीत येतो.

परत येतो, असं गृहीत धरलं जातं. खरी गडबड इथेच आहे.

कनेक्टर नीट बसला नसेल किंवा झिजला असेल, तर जाताना केबल सोर्सला ढकलते, पण येताना एकटीच परत येते. क्रँकचे फेरे बरोबर भरतात, हाताला फरक कळत नाही. गाईड ट्यूब कुठे चेपली असेल तरी सोर्स अडकतो. ऑपरेटरला वाटतं काम झालं. तो ट्यूब काढतो, गुंडाळतो, खांद्यावर टाकतो, आणि पिगटेल ट्यूबमध्येच असते किंवा जमिनीवर पडलेली असते. हे टाळायचा उपाय एकच आणि अगदी साधा: प्रत्येक एक्स्पोजरनंतर सर्व्हे मीटर (किरणोत्सर्ग मोजणारं हातातलं यंत्र) चालू ठेवून कॅमेऱ्याकडे जायचं, गाईड ट्यूब टोकापासून पेटीपर्यंत मोजत यायचं, पेटीच्या पुढच्या तोंडाशी आलेला आकडा सकाळच्या आकड्याशी ताडून बघायचा. कुलूप लागल्याचा खटका ऐकू आला म्हणजे सोर्स आत आहे असं नाही.

वीस क्युरी, म्हणजे ७४० गिगाबेकरेल अॅक्टिव्हिटीचा (किरणोत्साराच्या तीव्रतेचा) उघडा इरिडियम सोर्स एक मीटरवर तासाला सुमारे १०० मिलिसीव्हर्ट मात्रा देतो (गॅमा किरणांसाठी एक ग्रे म्हणजे साधारण हजार मिलिसीव्हर्ट). आपल्याकडे किरणोत्सर्गात काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे. ती इथे बारा मिनिटांत संपते. सामान्य नागरिकाची एक मिलिसीव्हर्टची मर्यादा ३६ सेकंदांत. अंतर दहापट वाढवलं की मात्रा शंभरपट घटते, म्हणून दहा मीटरवर तासाला एक मिलिसीव्हर्ट. हाच हिशेब उलटा लावा: अंतर एक सेंटीमीटर झालं, म्हणजे पिगटेल कुणी उचलून खिशात टाकली, तर कातडीला मिनिटाला पंधरा ग्रेपेक्षा जास्त मात्रा बसते. कातडी लाल पडायला तीन ते सहा ग्रे पुरतात. त्या क्षणी मात्र काहीच जाणवत नाही, चटकासुद्धा नाही. जखम काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी दिसते. तोवर माणूस खिशातली ती तार विसरलेला असतो.

म्हणून सोर्स हरवल्यावर पहिला प्रश्न ‘कुठे गेला?’ हा नसतो. ‘तो जागेवर असल्याचा शेवटचा खात्रीचा आकडा कधीचा?’ हा असतो. शोधायचा मुलूख त्या वेळेपासून मोजला जातो. पंधरा मिनिटांपूर्वी मीटरनं मोजलेलं असेल तर एक शेड तपासावी लागेल. काल संध्याकाळचा आकडा असेल तर शेड, गाडी, रस्ता, गोडाऊन आणि त्या काळात तिथून बाहेर गेलेला कचरा, सगळं.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या घटनेत हे फार ठळकपणे दिसलं. जानेवारी २०२३ मध्ये एका लोहखाणीतून ट्रकनं पर्थला निघालेल्या गेजमधून, म्हणजे मोजमापाच्या यंत्रातून, सीझियम-१३७ ची कॅप्सूल पडली. आठ मिलिमीटर लांब, सहा मिलिमीटर रुंद, १९ गिगाबेकरेल. ट्रकच्या हादऱ्यांनी गेजचे स्क्रू ढिले झाले, एक बोल्ट निघाला आणि त्याच्याच भोकातून कॅप्सूल बाहेर पडली. खोका १६ जानेवारीला पर्थला पोहोचला, पण उघडला २५ तारखेला. तोवर शोधायला १,४०० किलोमीटरचा रस्ता तयार झाला होता. १ फेब्रुवारीला मीटर लावलेल्या गाडीला ती न्यूमनजवळ रस्त्याच्या कडेला सापडली. पोहोचल्या दिवशी खोका उघडून मीटर लावला असता तर रस्त्याची लांबी कमी झाली नसती, पण नऊ दिवस वाचले असते.

आपल्याकडचा नियम घड्याळावर चालतो. अणुऊर्जा (किरणोत्सर्ग संरक्षण) नियम, २००४ प्रमाणे सोर्स ज्याच्या ताब्यात आहे त्या मालकानं तो हरवल्याचं किंवा अपघात झाल्याचं २४ तासांत कळवायचं असतं. कळवायचं अणुऊर्जा नियामक मंडळाला, म्हणजे मुंबईच्या अणुशक्तीनगरातल्या एईआरबीला. चोरीचा संशय असेल तर सोबत पोलीस ठाण्यात तक्रार. अमेरिकेत मोठ्या सोर्ससाठी तर कळल्याबरोबर फोन आणि ३० दिवसांत लेखी अहवाल, असा दंडक आहे. २४ तास ही शेवटची मुदत आहे. ‘आधी रात्रभर आपणच शोधू, सापडला तर कशाला सांगायचं’ असं म्हणायची ती सवलत नव्हे. पण नेमकं हेच होतं, आणि रात्रभर शोधणाऱ्या माणसांनाच सगळ्यात जास्त मात्रा बसते.

पहिल्या फोनला पूर्ण माहिती लागत नाही. मूलद्रव्य कोणतं, अॅक्टिव्हिटी किती आणि ती कोणत्या तारखेची, पिगटेलचा नंबर, कॅमेऱ्याचं मॉडेल आणि नंबर, शेवटचा खात्रीचा आकडा कधी आणि कुणी घेतला, सोर्स उघडा असण्याची शक्यता आहे की पेटीसकट गेला आहे. एवढं पुरे. अॅक्टिव्हिटीबरोबर तारीख हवीच, कारण इरिडियमचं अर्धायुष्य सुमारे ७४ दिवसांचं. वीस क्युरीचे अडीच महिन्यांत दहा होतात, वर्षानं पाऊण क्युरीसुद्धा उरत नाही. शोध घेणाऱ्याला मीटर किती अंतरावरून वाजेल हे त्यावरूनच ठरवता येतं.

इथे एक उलटी गोष्ट आहे. उघडा पडलेला वीस क्युरीचा सोर्स मोकळ्या जागेत शंभर मीटरवरूनही तासाला दहा मायक्रोसीव्हर्टच्या आसपास दाखवतो. नेहमीची नैसर्गिक पातळी याच्या शंभराव्या भागाएवढी असते, त्यामुळे गाडी हळू चालवत गेलं तरी तो सापडतो. पेटीत सुखरूप असलेला सोर्स मात्र काही मीटरवरूनच कळतो. चोरानं कॅमेरा न उघडता गोडाऊनच्या कोपऱ्यात टाकला असेल तर लोकांना धोका कमी, पण शोध अवघड. आणि मीटरचीही एक खोड लक्षात ठेवायला हवी: काही जुने जीएम (गायगर-म्युलर) मीटर फार तीव्र किरणोत्सर्गात अडखळतात आणि काटा शून्याकडे जातो. काटा चढता चढता एकदम पडला, तर मागे फिरायचं.

सोर्स अडकलाय असं दिसलं तर मागे सरकायचं, सगळ्यांना लांब न्यायचं, दोरी बांधायची आणि आरएसओला, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला बोलवायचं. हाताशी मीटर नसेल तर उघड्या सोर्सपासून सुरुवातीला ३० मीटरचा घेर धरतात. मीटर आला की तासाला १०० मायक्रोसीव्हर्टची रेषा शोधून घेर नव्यानं आखतात. सोर्स परत पेटीत नेण्याचं काम लांब चिमटा, शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या आणि आधी सराव केलेल्या माणसांचं. ‘पटकन उचलून टाकतो’ म्हणणाऱ्याला अडवणं हेही आरएसओचंच काम. त्या दिवशी हजर असलेल्यांचे टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर लावलेले मात्रा नोंदवणारे बिल्ले, तिमाही संपायची वाट न बघता लगेच तपासायला जातात.

मालकाला न कळता गेलेला सोर्स शेवटी भंगारात येतो. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये हेच झालं. एका विद्यापीठाचं १९७० च्या सुमारास घेतलेलं आणि १९८५ पासून बंद असलेलं गॅमा इरॅडिएटर, म्हणजे वस्तूंवर किरणांचा मारा करणारं यंत्र, लिलावात गेलं. भंगारवाल्यांनी ते फोडलं. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, चाळीस वर्षांत मूळ अॅक्टिव्हिटीचा जेमतेम अर्धा टक्का उरला होता. तेवढ्यानं एकाचा जीव गेला आणि आणखी काही जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. एकानं चकाकणारा तुकडा पाकिटात ठेवला होता. घटना उघड झाली ती भंगाराच्या दुकानातून नव्हे, रुग्णालयातून.

त्यामुळे अंबड लिंक रोडला किंवा कुठेही भंगाराचा धंदा करणाऱ्यानं दोन गोष्टींवर नजर ठेवावी. एक, आकाराच्या मानानं फार जड वस्तू: शिशाचं किंवा युरेनियमचं कवच असलेली पेटी दोन्ही हातांनी उचलतानाच कळते. दुसरी, पिवळ्या पाटीवरचं तीन पात्यांचं चिन्ह, मग ते गंजलेलं का असेना. असं काही आलं तर गॅस कटर लावायचा नाही, हलवायचं नाही, माणसं लांब करायची आणि ११२ वर सांगायचं. पोलिसांकडून निरोप एईआरबीपर्यंत जातो. पुण्याजवळ सुदुंबऱ्याला एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे, तिच्याकडे अशा कामाचं प्रशिक्षण घेतलेली माणसं असतात.

भट्टीपर्यंत गेलं तर प्रकरण वेगळंच वळण घेतं. कोबाल्ट आणि इरिडियम वितळलेल्या पोलादात मिसळतात, सीझियमची वाफ होऊन ते धूळ पकडणाऱ्या फिल्टरात जातं, अमेरिशियम धातुमळीत, म्हणजे स्लॅगमध्ये. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं. ते पोलाद भारतातून गेलेलं होतं. सिन्नरच्या एखाद्या फाउंड्रीच्या गेटवर वजनकाट्याशेजारी मीटर बसवायचा खर्च एका दूषित हीटच्या, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या पोलादाच्या, तुलनेत किरकोळ आहे.

हरवण्याची बातमी निदान कुणीतरी देतो. यंत्रातल्या दोषाची बातमी मात्र दिलीच जात नाही, कारण ‘काही झालं नाही ना?’ हा प्रश्न विचारला की विषय संपतो. कनेक्टरची झीज तपासायला गेज, म्हणजे ठरावीक मापाचा तुकडा, असतो. जिथे बसू नये तिथे तो बसला तर पिगटेल बाद. ती बदलली, काम पुढे गेलं, अहवाल नाही. पण त्याच खेपेच्या आणखी पिगटेल देशभर फिरत असतील, आणि दोष तुमच्या वापरात आहे की कारखान्याच्या उत्पादनात, हे एका ठिकाणाहून कळत नाही. नियामकाकडे तीन गावांतून तीच तक्रार आली की कळतं.

थेरॅक-२५ या कॅन्सर उपचाराच्या यंत्राचं हेच झालं. १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा गेली. काही वेळा पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढंच उमटायचं. १९८६ मध्ये टेक्सासमधल्या एका रुग्णालयात दुर्घटना झाली तेव्हा आधीच्या घटनांची तिथे कुणालाच कल्पना नव्हती. महिनाभरात तिथेच दुसरी झाली. मग तिथल्या भौतिकतज्ज्ञानं ऑपरेटरला बसवून तोच क्रम पुन्हा पुन्हा करून पाहिला: नोंद चुकली, ती घाईनं काही सेकंदांत दुरुस्त केली, आणि यंत्र चुकीच्या अवस्थेत गेलं. दोष पकडला गेला तो या क्रमामुळे.

म्हणून दोषाच्या अहवालात ‘यंत्र बंद पडले’ असं लिहून उपयोग नाही. काय दाबलं, मग काय झालं, किती वेळानं, पडद्यावर अक्षरशः काय दिसलं, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, सर्व्हिस इंजिनिअर आधी कधी येऊन गेला आणि त्यानं काय बदललं. मोडलेला भाग फेकू नये, कंपनीच्या माणसाला ‘बदली’ म्हणून नेऊही देऊ नये. फोटो काढून, नंबर लिहून, पिशवीत बंद करून ठेवावा. कोबाल्टच्या किरणांनी कॅन्सरवर उपचार करणाऱ्या टेलिकोबाल्ट यंत्रात सोर्सचा ड्रॉवर अर्ध्यावर अडकला तर आधी रुग्णाला बाहेर काढायचं, मग टी-रॉडनं, म्हणजे टी आकाराच्या दांडीनं, ड्रॉवर आत ढकलायचा. पण तो सहज आत गेला म्हणून नोंद गाळायची नाही. अडकणं पुन्हा होणार हे जवळपास ठरलेलं असतं. एक्स-रे मशीनची गोष्ट जरा सोपी, वीज बंद केली की किरणं बंद. तरी किरणांचा झोत आखणारा कॉलिमेटर सैल असेल किंवा टायमर जास्त वेळ चालत असेल तर तोही दोषच.

राहिला प्रश्न संपलेल्या सोर्सचा. इरिडियम निकामी झालं की पिगटेल पुरवठादाराकडे परत जाते. आपल्याकडे ती बहुतेक वाशीच्या ‘ब्रिट’ या सोर्स पुरवणाऱ्या सरकारी संस्थेकडे. त्यानंतर कारखान्याच्या कोपऱ्यात उरलेला ‘रिकामा’ कॅमेरा भंगारात विकता येत नाही. त्याचं कवच डिप्लीटेड युरेनियमचं आहे, म्हणजे सोर्स काढल्यावरही ती पेटी किरणोत्सारीच राहते. ती हरवली तरी एईआरबीला तसंच कळवावं लागतं.