मातृवंदना योजना: कागदपत्रांची आणि तब्येतीची तयारी दिवस जाण्याआधीच

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात. पहिला हप्ता 3,000 रुपयांचा. त्यासाठी गरोदरपणाची नोंदणी आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झालेली लागते. उरलेले 2,000 बाळाची जन्मनोंद आणि 14 आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर येतात. दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6,000 रुपये एकरकमी मिळतात, 1 एप्रिल 2022 पासून.

आईचं वय किमान 18 वर्षे 7 महिने हवं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असल्याचा दाखला, किंवा बीपीएल वा अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, मनरेगा जॉब कार्ड, आयुष्मान कार्ड, जातीचा दाखला (एससी/एसटी) यांपैकी कोणताही एक पुरावा चालतो. नियमित सरकारी नोकरीतल्या बाईला लाभ नाही.

सोबत आधार, बँक पासबुक, मोबाईल नंबर आणि माता-बाल संरक्षण कार्ड. नंतर बाळाचा जन्मदाखला. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडीताई भरून देतात, योजनेच्या पोर्टलवर स्वतःही भरता येतो.

पैसे अडकतात ते बहुधा आधार आणि बँकेपाशी. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव लागतं, पासबुकावर माहेरचंच राहतं. शिवाय रक्कम जमा होते ती आधारशी जोडलेल्या खात्यात, तुम्ही पासबुक दिलंत त्या खात्यात नव्हे. दोन खाती असतील तर कोणतं जोडलंय ते बँकेत विचारूनच घ्या. सातव्या-आठव्या महिन्यात या चकरा मारायला लावणं बाईवर अन्याय आहे, म्हणून लग्नानंतर लगेच हे काम उरका.

त्याच फेरीत उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासा. बाळाचा मेंदू आणि मणका घडवणारी नलिका गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत बंद होते, तेव्हा बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून फॉलिक अॅसिड आधीपासून, रोज 400 मायक्रोग्रॅम. गरोदर नसलेल्या बायकांसाठी लोहाची आठवड्याला एक गोळी सरकारी कार्यक्रमातच आहे. बाळंतपणानंतर 180 दिवस ती रोज घ्यायची असते, आणि नेमकी इथेच ती सुटते. साखर, रक्तदाब किंवा थायरॉईडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

दुसऱ्या बाळाची घाई नको. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपण आणि पुढची गर्भधारणा यांत किमान 24 महिने सुचवते. तोवर दिवस राहू नयेत म्हणून अंतरा इंजेक्शन (दर तीन महिन्यांनी), छाया गोळी आणि तांबी सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. दुसरं अपत्य मुलगी असेल तर तिच्या लाभासाठी मात्र जन्मापासून 270 दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो.

गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मलं, तर पुढच्या गरोदरपणात नवी लाभार्थी म्हणून नोंद करता येते. गर्भपातानंतर किमान सहा महिने शरीराला सावरू द्या, आणि पुन्हा विचार करताना आशाताईंना आधीच सांगा, म्हणजे रक्ततपासणी वेळेत होईल.