काळा आजार निर्मूलनाचा दाखला: अर्ज कोण करतं, अटी काय, कागदपत्रं कोणती

काळा आजार म्हणजे वालुमाशीच्या चाव्यातून पसरणारा, परजीवीमुळे होणारा तापाचा आजार. त्याचं निर्मूलन झालं, हा दाखला जागतिक आरोग्य संघटना देते. त्यासाठी दावा देशानेच, म्हणजे त्याच्या आरोग्य मंत्रालयाने करायचा असतो; बिहार किंवा झारखंड सरकारला तो स्वतंत्रपणे करता येत नाही. असा दाखला मिळवणारा पहिला देश बांगलादेश, ऑक्टोबर 2023 मध्ये.

अट ऐकायला सोपी आहे. दर 10,000 लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, तेही सलग तीन वर्षं. मेख आहे ती लोकसंख्या कुठली धरायची यात. भारतात हिशोब ब्लॉकचा (तालुक्यासारखा जिल्ह्याचा भाग), बांगलादेशात उपजिल्ह्याचा, नेपाळमध्ये जिल्ह्याचा. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेश मिळून 54 जिल्ह्यांतले 633 ब्लॉक आपल्याकडे आजारग्रस्त धरले आहेत. त्यातला एक जरी मर्यादेबाहेर गेला, तरी देशाचं घोडं अडतं. उलट 2 लाख वस्तीच्या ब्लॉकमध्ये वर्षाला 19 रुग्ण निघाले, तरी तो पात्र! हा दाखला शून्य रुग्णांचा नाही, हे बातम्या वाचताना ध्यानात ठेवलेलं बरं.

कागदपत्रांत सगळ्यात वजनदार म्हणजे ब्लॉकनिहाय रुग्णनोंदी: नवे रुग्ण, आजार उलटलेले, दगावलेले, सोबत एचआयव्ही असलेले. ताप सुरू झाल्यापासून निदान व्हायला किती दिवस लागले, हेही पाहिलं जातं. कारण भारतीय उपखंडात या परजीवीचा ज्ञात साठा माणसातच आहे. निदान न झालेला रुग्ण तेवढे दिवस वालुमाशीला संसर्ग पुरवत राहतो. फवारणीच्या नोंदीही जोडाव्या लागतात. ही माशी फार उंच उडत नाही, भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यात दडते, म्हणून भारतात भिंती सहा फुटांपर्यंत फवारतात.

माझ्या मते सगळ्यात नाजूक भाग त्वचेच्या रुग्णांचा. ताप बरा झाल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, काहींच्या अंगावर फिकट चट्टे किंवा गाठी येतात. दुखत-खुपत काही नसतं, त्यामुळे माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. पण त्याच्याकडून वालुमाशीला संसर्ग होऊ शकतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. दहा हजारांमागच्या त्या आकड्यात हे रुग्ण धरत नाहीत. तरी त्यांचा शोध आणि मिल्टेफोसिन या औषधाचा 12 आठवड्यांचा उपचार यांचा हिशोब नसेल तर बाकीच्या नोंदींना फारसा अर्थ उरत नाही.

दावा गेल्यावर स्वतंत्र तज्ज्ञ कागद तपासतात, मग निर्णय होतो. पुढच्या देखरेखीचा आराखडाही द्यावा लागतो आणि तो शोभेपुरता नाही. मलेरियासाठीची डीडीटी फवारणी थांबल्यावर 1970 च्या दशकात बिहारमध्ये हा आजार मोठ्या साथीच्या रूपात परतला होता. नेपाळमध्ये तर पूर्वी आजार नसलेल्या डोंगराळ जिल्ह्यांतही रुग्ण सापडू लागले.

रुग्णाला मात्र यातलं काहीच भरावं लागत नाही. आजारग्रस्त भागात राहणाऱ्याला दोन आठवड्यांहून जास्त ताप असेल आणि पोटात प्लीहा वाढलेली लागत असेल, तर सरकारी आरोग्य केंद्रात आरके-39 ही काळा आजाराची रक्तचाचणी करून घ्यावी. ती आणि उपचार मोफत आहेत.